अहमदनगरच्या किल्ल्यातील इंग्रजी गद्य आणि अलंकाराचे प्रमेय

इंग्रजी अलंकारांची यादी आपल्या महाविद्यालयांतून जितकी पाठ केली जाते, तितका तिचा उपयोग केला जात नाही. सिमिली म्हणजे उपमा, मेटाफर म्हणजे रूपक, हायपरबली म्हणजे अतिशयोक्ती, पर्सॉनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्ती, अशी जोडाजोड एकदा झाली, की दिलेल्या ओळीतील अलंकार ओळखणे एवढेच काम उरते. आणि परीक्षा संपली की तेही संपते. इतिहासाच्या अभ्यासकाची वृत्ती याहून निराळी, पण परिणाम तोच. एखाद्या साधनग्रंथाची भाषा आलंकारिक आहे असे तो म्हणतो तेव्हा ती भाषा पुराव्यास निरुपयोगी आहे असे त्याला सुचवायचे असते. अलंकार बाजूला काढावा आणि उरलेले तेवढे सत्य घ्यावे, असा हा व्यवहार आहे. या व्यवहारामागचे गृहीत तपासून पाहण्यास एक उत्तम प्रकरण आपल्या अगदी जवळचे आहे, ते म्हणजे अहमदनगरच्या किल्ल्यात १९४४ साली लिहिले गेलेले इंग्रजी गद्य.

९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईस काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना अटक झाली आणि आगगाडीने त्यांस अहमदनगरास आणण्यात आले. नेहरू, आझाद, पटेल, पंत, कृपलानी, शंकरराव देव, पट्टाभि सीतारामय्या, असफ अली, सय्यद महमूद, नरेंद्र देव, प्रफुल्लचंद्र घोष आणि हरेकृष्ण महताब, असे बारा जण तेथे होते. त्यांना कोठे ठेवले आहे हे सरकारने प्रथम जाहीर केले नव्हते. १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत नेहरूंनी तेथे जे हस्तलिखित पुरे केले, ते १९४६ साली कलकत्त्याच्या सिग्नेट प्रेसने प्रसिद्ध केलेले 'द डिस्कव्हरी ऑफ इंडिया'. ग्रंथाच्या पहिल्या प्रकरणाचे नाव अहमदनगरचा किल्ला, आणि शेवटचे प्रकरण पुन्हा त्याच नावाकडे वळते. नगर जिल्ह्यात, आता २०२४ पासून ज्यास अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्यात, लिहिला गेलेला हा बहुधा सर्वाधिक वाचला गेलेला इंग्रजी ग्रंथ होय; तथापि त्याच्या भाषेचा विचार ती 'सुंदर' आहे या विशेषणापलीकडे क्वचितच जातो.

मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी इंग्रजीतील अलंकारविचार कोठून आला हे थोडक्यात पाहिले पाहिजे, कारण आपल्या अलंकारशास्त्राहून त्याची जन्मभूमी वेगळी आहे. आपले शास्त्र नाट्य आणि काव्य यांच्या आश्रयाने वाढले. भरताने चारच अलंकार सांगितले, आणि पुढे अप्पय्य दीक्षितांच्या 'कुवलयानंदा'पर्यंत ती संख्या शंभरावर गेली. ग्रीक आणि रोमन अलंकारविचार मात्र न्यायसभेत आणि लोकसभेत वाढला. ॲरिस्टॉटलने वक्तृत्वाचा विचार केला तो मन वळवण्याच्या साधनांचा विचार म्हणून. आणि क्विंटिलियनने पहिल्या शतकाच्या अखेरीस ट्रोप आणि फिगर असा जो भेद केला, तोही भावी वकिलाच्या शिक्षणासाठी. शब्दाचा अर्थ मूळ स्थानावरून वळवला तर ट्रोप. अर्थ तोच ठेवून रचना वळवली तर फिगर. ट्रोप या ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी 'वळण'. आपल्याकडे भामहाने सर्व अलंकारांच्या मुळाशी वक्रोक्ती आहे असे म्हटले आणि कुंतकाने तिला काव्याचे जीवित मानले, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. दोन दूरच्या परंपरांस वाकडेपणाचीच उपमा सुचावी, हे भाषाभ्यासकास विचार करायला लावणारे आहे.

इंग्रजीत हा विचार आला तेव्हा पहिली अडचण परिभाषेची होती. जॉर्ज पटनमने १५८९ च्या आपल्या ग्रंथात ग्रीक नावांना घरगुती इंग्रजी नावे देण्याचा खटाटोप केला. आयरनीस त्याने 'कोरडी थट्टा' अशा अर्थाचे नाव दिले. ती नावे बहुतेक टिकली नाहीत. मराठीत विसाव्या शतकातील पाठ्यपुस्तककारांनी जे केले ते याच जातीचे. त्यांतील चेतनगुणोक्ती मात्र टिकली. पुढे सतराव्या शतकात इंग्रजांचाच अलंकारावरचा विश्वास उडाला. टॉमस स्प्रॅटने १६६७ साली रॉयल सोसायटीच्या इतिहासात शास्त्रीय गद्यातून अलंकारांस हद्दपार करण्याचा पुरस्कार केला, आणि लॉकने १६९० साली आलंकारिक भाषेस फसवणुकीचे साधन ठरवले. (या दोघांच्याही भाषेत रूपके विपुल आहेत, ही गोष्ट निराळी.) ह्यू ब्लेअरच्या १७८३ च्या व्याख्यानांनी अलंकारास पुन्हा प्रतिष्ठा दिली, पण ती भावनेची स्वाभाविक भाषा म्हणून. म्हणजे न्यायसभेतून निघालेला अलंकार शेवटी रसिकाच्या दिवाणखान्यात येऊन बसला. आपल्या विद्यापीठांत इंग्रजी शिक्षणाबरोबर जो अलंकारविचार आला तो या शेवटच्या अवस्थेतला. आणि आपल्या 'अलंकार' या शब्दातच दागिन्याचा अर्थ असल्यामुळे तो येथे सहज मुरला. हेडन व्हाइटने १९७३ साली एकोणिसाव्या शतकातील इतिहासकारांची मांडणी रूपक, मेटॉनिमी, सिनेक्डकी आणि आयरनी या चार ट्रोपांच्या आधारे उलगडून दाखवली, तेव्हा त्याने नवे काही केले त्यापेक्षा अलंकारास त्याच्या मूळच्या कचेरीत परत नेले, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

या चारांपैकी मेटॉनिमी आणि सिनेक्डकी यांस आपल्या अलंकारांच्या यादीत जोड सापडत नाही. कारण उघड आहे. 'गंगेवर गौळवाडा' या संस्कृत शास्त्रकारांच्या प्रसिद्ध उदाहरणात जो व्यापार आहे, त्यास आपण लक्षणा म्हणतो, आणि लक्षणा ही शब्दशक्ती आहे, अलंकार नव्हे. 'दिल्लीने ठरवले', 'सारा गाव लोटला', 'दोन घास खाऊन जा' असे आपण रोज बोलतो. यात कोणी दागिना घातला असे कोणास वाटत नाही. इंग्रजांनी ज्यास आभूषणांच्या पेटीत ठेवले, त्यास आपल्या शास्त्रकारांनी भाषेच्या मूळ शक्तींत जागा दिली. या बाबतीत आपली व्यवस्था अधिक सूक्ष्म आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पण तिचा एक तोटाही झाला. लक्षणा अलंकारप्रकरणात न आल्यामुळे ती मराठी अभ्यासक्रमात एकीकडे आणि रूपक दुसरीकडे पडले, आणि दोहोंचे नाते तपासण्याची सवय आपणास लागली नाही.

आता किल्ल्याकडे वळू. प्रस्तुत लेखात वापरलेली कसोटी साधी आहे. इंग्रजीतील एखादा अलंकार मराठीत नेऊन पाहावा. तो सहज गेला तर त्याच्याविषयी फारसे बोलण्यासारखे नसते. तो अडला, तर तो का अडला हे पाहावे. बहुधा तेथेच त्याने आपल्याबरोबर आणलेले प्रमेय उघडे पडते.

प्रथम ग्रंथाचे नाव. मराठीत त्यास 'भारताचा शोध' म्हणतात, आणि दुसरे काही म्हणता येईल असे वाटत नाही. परंतु मराठीतील शोध हा शब्द दुहेरी आहे. आपण शोध घेतो, आणि शोध लागतो. घेणे हा प्रयत्न, लागणे हे फळ; क्रियापद आल्याखेरीज कोणता शोध ते कळत नाही. इंग्रजीतील डिस्कव्हरी ही नेहमीच लागलेला शोध असते, आणि युरोपच्या इतिहासात तिला आणखी एक रंग चढला आहे: बाहेरून येणारा, जहाजावरचा मनुष्य जी करतो ती डिस्कव्हरी. स्वतःच्या देशाची डिस्कव्हरी करणारा मनुष्य म्हणजे एक विरोधाभास. आणि तो नेहरूंना पुरता ठाऊक होता, कारण आपण भारताकडे पश्चिमेच्या वाटेने, जवळजवळ परक्या टीकाकाराच्या दृष्टीने आलो, हे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. ग्रंथातील तिसऱ्या प्रकरणाच्या नावात त्यांनी क्वेस्ट हा शब्द योजला आहे आणि चौथ्याच्या नावात डिस्कव्हरी. आधी घेतलेला शोध आणि मग लागलेला शोध, हा क्रम त्या दोन मथळ्यांतच आहे. मराठीत दोन्ही ठिकाणी शोधच म्हणावे लागते आणि विरोधाभासाची धार जाते. मराठी नाव अधिक नम्र झाले आहे खरे. पण 'बाहेरून येऊन सापडणे' हे जे मूळ नावातले अस्वस्थ करणारे प्रमेय, ते त्यात उरत नाही.

दुसरे उदाहरण एका सर्वनामाचे आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ते सर्वांत बोधप्रद आहे. नेहरू भारताचा उल्लेख सर्वत्र 'शी' या स्त्रीलिंगी सर्वनामाने करतात. इंग्रजी नामांस व्याकरणिक लिंग उरलेले नाही; निर्जीव वस्तूस 'इट' हेच सर्वनाम लागते. म्हणून इंग्रजीत देशास 'शी' म्हणणे ही स्वतःच एक चेतनगुणोक्ती आहे, मग ती कितीही रुळलेली असो. एका लहानशा शब्दाने देशाचे व्यक्तीत रूपांतर होते; तिला स्वभाव येतो, स्मृती येते, वय येते, आणि हजारो वर्षांच्या घटनांस एकच कर्ता मिळतो. मराठीत हे जमत नाही. आपल्या प्रत्येक नामास लिंग आहेच: देश तो, भूमी ती, राष्ट्र ते. 'भारत' हा शब्द पुल्लिंगी. त्यास 'तो' म्हटले तर कोणीही व्यक्ती डोळ्यांपुढे उभी राहत नाही, जशी खांबास 'तो' किंवा भिंतीस 'ती' म्हटल्याने राहत नाही. लिंग सर्वत्र असल्यामुळे ते कोठेच अलंकार होत नाही. मराठी भाषांतरकारास मूळचा परिणाम साधावयाचा असेल तर त्याला 'माता' किंवा 'भारतभूमी' असे उघड शब्द आणावे लागतात. म्हणजे मुळात जे सर्वनामाच्या आडून आले ते येथे दरवाजातून, हाक देत येते.

याचा इतिहासलेखनाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा, की सलगतेचे प्रमेय, म्हणजे सिंधुखोऱ्यापासून विसाव्या शतकापर्यंत एकच सत्ता टिकून राहिली आहे हे विधान, पुराव्याने सिद्ध होण्यापूर्वीच त्या सर्वनामाने गृहीत धरले जाते. ते प्रमेय खोटे आहे असे येथे म्हणावयाचे नाही. ते ग्रंथात दोन ठिकाणी मांडले आहे, एकदा युक्तिवादाने आणि एकदा व्याकरणाने. आणि वाचक पहिल्याशी वाद घालू शकतो, दुसऱ्याशी वाद घालावयाचा आहे हे त्याच्या ध्यानातच येत नाही.

तथापि नेहरूंना या अलंकाराची जोखीम कळत नव्हती असे समजणे अन्यायाचे होईल. 'भारतमाता' या शीर्षकाच्या त्यांच्या प्रसिद्ध परिच्छेदात ते शेतकऱ्यांच्या सभांची हकीकत सांगतात. जयघोष झाला की ते विचारीत, ही भारतमाता कोण? लोक गोंधळत. एका जाट शेतकऱ्याने उत्तर दिले की ती म्हणजे धरती. कोणती धरती, तुमच्या गावची, की जिल्ह्याची, की साऱ्या देशाची, असे विचारीत विचारीत ते श्रोत्यांस येथवर आणीत की डोंगर, नद्या, शेते हे सर्व तर आहेच, पण अखेरीस भारतमाता म्हणजे येथली कोट्यवधी माणसे, म्हणजे तुम्हीच. अलंकारशास्त्राच्या दृष्टीने येथे काय घडते ते पाहण्यासारखे आहे. आरंभी एक चेतनगुणोक्ती आहे. शेतकऱ्याचे उत्तर तिला मेटॉनिमीत उतरवते, कारण माता म्हणजे तिची भूमी. पुढचे प्रश्न त्या भूमीला तिच्या भागांत आणि शेवटी माणसांत मोडतात, आणि संपूर्णाऐवजी अंश, अंशाऐवजी संपूर्ण अशी सिनेक्डकीची देवघेव सुरू होते. प्रश्न विचारून उत्तर श्रोत्याच्या मुखी घालणे हाही वक्तृत्वाचाच एक प्रकार. पण तो येथे अलंकार चढवण्यासाठी नसून उतरवण्यासाठी योजला आहे. वक्त्याने श्रोत्यांपुढे स्वतःच्याच पक्षाच्या सर्वांत प्रभावी अलंकाराची वीण उसवून दाखवावी, अशी उदाहरणे राजकीय गद्यात फार नाहीत. आणि हा परिच्छेद मराठीत अडत नाही. तो मुळात हिंदुस्थानी बोलीत घडला होता, इंग्रजीत तो पाहुणा आहे.

तिसरे उदाहरण त्या ग्रंथातले सर्वांत प्रसिद्ध. भारत हा जणू एक प्राचीन पालिम्प्सेस्ट आहे, ज्यावर विचारांचे थर एकावर एक लिहिले गेले, पण खालचे लेखन कोणत्याही थराने पुरते झाकले वा पुसले नाही, असे नेहरू म्हणतात. हे वाक्य लोकांच्या स्मरणात रूपक म्हणून राहिले आहे. व्याकरणदृष्ट्या ती उपमा आहे, कारण 'जणू' तेथे आहे. पालिम्प्सेस्ट म्हणजे जुना मजकूर खरवडून त्यावर नवा लिहिलेले चर्मपत्र. चामडे महाग असल्यामुळे मध्ययुगीन युरोपात ही रीत पडली. आर्किमिडीजच्या ग्रंथांची दहाव्या शतकातील एक प्रत तेराव्या शतकात अशीच खरवडून तीवर प्रार्थनापुस्तक लिहिले गेले. खालचा मजकूर हायबर्ग या पंडिताने १९०६ साली ओळखला.

मराठीत यास शब्द कोणता? धूळपाटी हा पहिल्यांदा सुचतो, आणि तोच नेमका चुकीचा आहे. धूळपाटीवर हात फिरवला की मागचे काही उरत नाही. ताम्रपटांत मात्र जुनी अक्षरे ठोकून सपाट करून त्यावर नवे दान कोरल्याची उदाहरणे अभिलेखतज्ज्ञांस ठाऊक आहेत, पण त्यास सर्वांस परिचित असे नाव नाही. म्हणून भाषांतरात 'थर' हा शब्द घ्यावा लागतो, आणि वाचकापुढे खडकाचे किंवा गाळाचे चित्र उभे राहते. थर आपोआप साचतात. पालिम्प्सेस्टवरचा जुना मजकूर कोणीतरी चाकू घेऊन खरवडलेला असतो. भाषांतरात चाकू हरवतो. परंतु मूळ वाक्यातही तो जवळजवळ हरवलेलाच आहे, हे मराठी शब्द शोधताना लक्षात येते. खऱ्या पालिम्प्सेस्टमध्ये पुसणे हा हेतू असतो आणि खालचे टिकणे हा अपघात; नेहरूंच्या उपमेत टिकणे हाच स्वभाव झाला आहे आणि पुसणारा हात दिसत नाही.

हे ज्या जागी लिहिले गेले ती जागा पाहता या गोष्टीस अधिक वजन येते. मलिक अहमदने १४९० च्या सुमारास वसवलेल्या शहराचा हा किल्ला हुसेन निजामशहाच्या कारकिर्दीत, म्हणजे १५५३ ते १५६५ या काळात, दगडी झाला. १५९५–९६ च्या वेढ्यात चांदबिबीने तो राखला; १६०० साली मोगलांनी तो घेतला, तत्पूर्वी तिच्याच माणसांनी तिला मारले. १७५९ साली तो पेशव्यांकडे आला, १७९७ साली शिंद्यांकडे, आणि १८०३ च्या ऑगस्टमध्ये वेलस्लीने तो जिंकला. यांतील बहुतेक थर वेढ्याने, फितुरीने वा तोफेने बसला आहे. पहिल्याच प्रकरणात नेहरू बागेसाठी जमीन खणल्याची हकीकत सांगतात. माती कसदार नव्हती, राडारोड्याने भरलेली होती. खणता खणता जुन्या भिंतींचे आणि घुमटांचे माथे लागले, एकदा दगडात कोरलेले कमळही लागले. फार खोल खणणे अधिकाऱ्यांस पसंत नव्हते. म्हणून आपण कुदळ ठेवून लेखणी घेतली, असे ते म्हणतात. कुदळ आणि लेखणी ही मेटॉनिमीची जोडी. आणि पुढील प्रकरणांतील ती सुप्रसिद्ध उपमा याच खणण्यातून, निदान त्याच्या शेजारातून, निघाली असावी असे मला वाटते. किल्ल्याच्या मातीत गाडलेले अवशेष होते. लेखणीने त्यांचे लेखन झाले. आणि लेखनाची उपमा घेतली की ज्यांच्या हाती लेखणी कधी आलीच नाही त्यांचा थर कोणता, हा प्रश्न उपमेच्या बाहेर राहतो. जात्यावरच्या ओव्या कोणत्याही चर्मपत्रावर नव्हत्या. दफ्तरखाना हाताशी नसलेल्या बंदिवानाकडून त्याचे उत्तर मागणे कठोरपणाचे होईल, पण त्या उपमेचा आज सर्रास वापर करणाऱ्या आपल्यासारख्यांना ती सवलत नाही.

याच जिल्ह्यात, नेवाशास, १२९० साली ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. तिच्यात उपमा एकटी क्वचितच येते. एका प्रमेयासाठी चार-पाच दृष्टांत लागोपाठ येतात, दिवा, बीज, पाणी, सोने. पुढचा दृष्टांत मागच्याची उणीव भरून काढतो, आणि म्हणून कोणताही एक दृष्टांत प्रमेयाच्या जागी जाऊन बसत नाही. इंग्रजी निबंधगद्याची शिस्त याच्या उलट आहे: एक नेमकी उपमा निवडावी आणि तिच्यावर थांबावे. त्यामुळे वाक्य लखलखते, आणि त्यामुळेच ती उपमा विषयाचा कब्जा घेते. संतवाङ्मयातील पुनरुक्तीस आपण विस्तारदोष मानतो; युक्तिवादाच्या दृष्टीने तिचा विचार झालेला माझ्या पाहण्यात फारसा नाही.

किल्ल्यातल्या दुसऱ्या एका ग्रंथाचा उल्लेख केल्याशिवाय हे प्रकरण पुरे होत नाही, जरी तो इंग्रजी नाही. मौलाना आझादांनी तेथेच उर्दूत 'गुबारे खातिर' लिहिला. ती हबीबुर्रहमान खान शेरवानी या स्नेह्यास उद्देशून लिहिलेली पत्रे आहेत. पण ती टपालात पडण्याची सोय नव्हती आणि हे लेखकास ठाऊक होते. इंग्रजी अलंकारग्रंथांत अपॉस्ट्रफी नावाचा जो प्रकार आहे, समोर नसलेल्यास संबोधून बोलणे, तो येथे एका वाक्याचा न राहता अख्ख्या ग्रंथाचा झाला आहे. अपॉस्ट्रफीचा मूळ ग्रीक अर्थ तोंड फिरवणे. वक्ता न्यायाधीशांकडून तोंड फिरवून दुसऱ्याच कोणास हाक मारतो. अरबी-फारसी अलंकारशास्त्रात 'इल्तिफात' हा पुरुषबदलाचा अलंकार आहे, आणि त्याचाही अर्थ वळणे. दोन्ही एकच नव्हेत. परंतु बारा बंदिवानांतील एकाने अशी सतत पाठ फिरवून लिहिणे यास शैलीखेरीज दुसरे कारण होते. १९४३ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या पत्नीचे कलकत्त्यास निधन झाले; त्या महिन्यातील पत्रातही त्यांचा स्वर संयत आहे आणि संबोधन त्या दूरस्थ स्नेह्यासच आहे. पत्रे बाहेर आली ती आझादांची सुटका झाल्यावर, आणि पुस्तकरूपाने १९४६ साली, म्हणजे नेहरूंचा ग्रंथ छापून निघाला त्याच वर्षी.